पावसाळी पागा

गेल्या मार्गशीर्षात माझा पुतण्या सारंगखेड्याच्या यात्रेला जाऊन आला. दत्तजयंतीला तापीकाठी भरणारा तो घोडेबाजार बघायचाय, एवढंच सांगून गेला होता. परत आला तो मोबाइलमध्ये एका घोडीचे चाळीस फोटो घेऊन. विसारही देऊन आला होता. रात्री जेवणं झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "तात्या, घोडी घरी बांधू का नेरेकडच्या तबेल्यात ठेवू?"

आमच्या सुकापुरात आता घोडा बांधायला जागा कुठे राहिलीय? नवीन पनवेलहून माथेरान रोडला लागलं की दोन्ही अंगांना बिल्डिंगा. जिथे आमची वरकस होती, गवताच्या पेंढ्या बांधायचो, तिथे आता लोक चौथ्या मजल्यावर कपडे वाळत घालतात. पण पुतण्याच्या घरामागे गाडी लावायची शेड आहे. गाडी रस्त्यावर लावीन, म्हणाला.

त्याने कागदावर हिशेब मांडून आणला होता. घरी ठेवली तर गवत, चणे, कोंडा, नालबंद, औषध. तबेल्यात ठेवली तर महिन्याला एकरकमी पैसे, शिवाय नालबंद आणि डॉक्टर आपलाच. घरचा खर्च निम्म्याहून कमी येत होता. मी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "ह्यात रात्री उठणारा माणूस कुठे लिहिलायस?"

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारा काहीतरी बोलतोय.

हा प्रश्न काही माझा नाही, साडेतीनशे वर्षांचा जुना आहे. शिवाजी महाराजांच्या घोडदळात दोन तऱ्हेचे स्वार होते, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा. बारगीर म्हणजे सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा. परीक्षेत दोन मार्कांना फरक लिहायचा आणि विसरून जायचं. पण घोडा पाळलेल्या घरात वाढलेला माणूस हे वाचतो तेव्हा त्याला वेगळंच काही दिसतं. शिलेदाराचा घोडा म्हणजे त्याची सगळी पुंजी. तो घोड्याला पोटच्या पोरासारखा जपणार, आणि म्हणूनच लढाईत जिवावर उदार होऊन त्याला गर्दीत घालताना त्याचा हात जरा मागे येणार. बारगिराचं उलट. घोडा सरकारचा, पडला तर दुसरा मिळेल, म्हणून तो बेधडक घुसेल. पण तोच माणूस मध्यरात्री पाऊस कोसळत असताना उठून त्या घोड्याच्या पायाखालचा चिखल काढील का?

महाराजांनी पागेवर जास्त भर दिला, आणि ही दुसरी अडचण त्यांना पक्की ठाऊक होती. सभासदाने आपल्या बखरीत ती व्यवस्था लिहून ठेवलीय. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, आणि दर पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि एक नालबंद. बाकीच्या हुद्द्यांपेक्षा मला ह्या पखालजीचं आणि नालबंदाचं अप्रूप वाटतं. घोड्याचा खर्च म्हटला की आपल्याला दाणा आठवतो. पाणी कोण आणणार आणि नाल कोण मारणार, हे आधी ठरवून मगच घोडे बांधणारा माणूस मुरलेला म्हणायचा. पावसाळ्यात लष्कराने मुलखात छावणीला यायचं, घोड्यांसाठी गवताने शाकारलेली घरं, दाणा आणि औषधं आधीच तयार ठेवायची, आणि दसऱ्याला बाहेर पडायचं, असा तो शिरस्ता.

तरीही चुका व्हायच्या. चिपळूणजवळ हलवर्णाला छावणी पडली होती, तिथल्या जुमलेदार-हवालदारांना महाराजांनी पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. लोक त्यातला रयतेच्या काडीला हात लावू नका हा भाग सांगतात, आणि तो थोर आहेच. पण मूळ विषय घोड्यांच्या वैरणीचा आहे. गवत-दाणा आहे तोवर मनमानी उधळाल, मग ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग पोटासाठी कुणब्यांच्या घरात शिराल आणि त्यांना मोगल परवडले असं वाटेल. पुढे आगीचा धाक घातलाय. गवताच्या गंजीशेजारी चुली पेटवू नका, रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि सगळी पागा जळेल. एवढ्या मोठ्या राजाने उंदराचा विचार केला होता. मी हे पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा कॉलेजात होतो, आणि वाचता वाचता माझे कान गरम झाले होते.

त्याचं कारण आमच्या पडवीत आहे.

माझ्या लहानपणी आमच्या घरी दर पावसाळ्यात एक घोडी यायची. ती आमची नव्हती. माथेरानला पर्यटकांना फिरवणाऱ्या एका घोडेवाल्याची होती. माथेरानात मोटारीला बंदी, म्हणून उन्हाळ्यात घोड्याला मरणाचं काम. पण जून लागला की डोंगर धुक्यात जातो, मिनीट्रेन बंद होते, गिऱ्हाईक नाही, आणि पावसाचा तर हिशेबच नाही. घोडेवाल्या काकांची सासुरवाडी आमच्या शेजारी. ते नेरळला उतरून, कर्जत-चौकवरून दोन दिवस चालत घोडी आणायचे आणि आमच्या पडवीत बांधायचे. चणे त्यांचे, गवत आमचं, लीद आमची. लीद भाजीच्या वाफ्यांना चांगली, म्हणून आई खूश. चांदणी नाव होतं तिचं. कपाळावर पांढरा ठिपका.

म्हणजे आजच्या भाषेत आमचं घर हाच तबेला होता. पुतण्याला ही गोष्ट माहीत नव्हती.

मी बारा वर्षांचा असेन. गोकुळाष्टमीच्या आसपासचे दिवस. वडील दोन दिवस पाहुण्यांकडे अडकले होते. गाढीला पूर आलेला, पलीकडचा माणूस अलीकडे येत नव्हता. घोडीचं सगळं माझ्यावर. चांगलं गवत माळ्यावर होतं, शिडी लावून चढावं लागायचं, अंधारात, कंदील घेऊन. खाली भिंतीकडेला पेंढ्या रचलेल्या होत्या, पावळीचं पाणी लागून तळाच्या काळ्या पडल्या होत्या. वडिलांनी सांगून ठेवलं होतं, खालचं गवत म्हशीलासुद्धा घालू नको. दोन दिवस मी खालचंच घातलं. पहिल्या दिवशी घोडीने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी भुकेने खाल्लं.

घोड्याला ओकता येत नाही. म्हशीचं पोट बरंच काही सोसतं, घोड्याच्या पोटात गेलेलं वाईट परत वर येत नाही, आत फुगतं, आतडी पीळ खातात. हे मला नंतर कळलं. त्या रात्री एवढंच दिसत होतं की ती पुढच्या पायाने जमीन उकरतेय, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघतेय, बसतेय, उठतेय. वडील संध्याकाळीच कसेबसे परतले होते. त्यांनी हिंग-ओव्याचं पाणी पाजलं, तिला धरून भर पावसात अंगणात फेऱ्या घातल्या. पनवेलहून जनावरांचे डॉक्टर आणायला माणूस निघाला तो पाण्याला बघून परत आला. पहाटे वडील आत आले, इरलं भिंतीला टेकवलं आणि आईला म्हणाले, "घोरी गेली."

निरोप मिळून घोडेवाले काका आले तोवर आठ दिवस गेले होते. वडिलांनी ओटीवर बसवून सांगितलं, दोन हंगाम भात घालीन, उरलेले पैसे दिवाळीनंतर देईन. काका बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "तुमच्या घरी ठेवली म्हणजे माझ्याच घरी ठेवली होती ना? माझ्या घरात मेली असती तर मी पैसे कोणाकडे मागितले असते?" शेवटी एका हंगामाचं भात घेतलं त्यांनी, ते पण आईने हट्ट केला म्हणून. पुढच्या जूनला दुसरी घोडी आमच्याकडे आली नाही. भांडण झालं नाही, लग्नकार्यात भेटायचे, बोलायचे. पण घोडी आली नाही.

गवताचं मी कोणाला सांगितलं नाही. वडील जाईपर्यंत सांगितलं नाही. त्या रात्री पुतण्याला सांगितलं.

तो गप्प झाला, मग कागद उलटा करून मागे लिहायला लागला. लहान चणीची घोडी, तीनशे किलोची धरली, तरी दिवसाला सहा किलो सुकं गवत. पावसाळ्याचे 120 दिवस म्हणजे 720 किलो, आणि ते जूनच्या आधी विकत घेऊन कोरडं ठेवायला माळा पाहिजे. शेडचा पत्रा गळतो. चणे-कोंडा निराळा. पाणी दिवसाला पंचवीस-तीस लिटर, उन्हाळ्यात आणखी, आणि टँकर सोसायटीचा. लीद दिवसाला बारा-पंधरा किलो. पूर्वी ती भाजीला जायची, आता शेजारी तक्रारीला जाणार. महिना-सव्वा महिन्याला नाल. धनुर्वाताची लस. पावसाळ्यात डांस चावून येणारा सर्रा. ओल्या जमिनीत खूर सडतो तो वेगळाच. रात्री पोटात दुखलं तर घोड्याचा डॉक्टर कोण, त्याचा नंबर आधीच हवा. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलपर्यंत न्यायची तर गाडी कोणाची? शिवाय घोडा कळपाचं जनावर. चांदणीला निदान आमच्या म्हशी होत्या सोबतीला. ह्या शेडमध्ये तिच्याशेजारी मोटरसायकल.

मुंबईचंही त्याला सांगितलं. तिथे व्हिक्टोरिया होत्या, 2015 साली हायकोर्टाने त्या वर्षभरात बंद करायला सांगितल्या, आणि त्या निकालात विनापरवाना तबेल्यांचाही विषय होता. दाट वस्तीत घोडा बांधायचा म्हणजे घोड्याचे हाल आणि माणसांचेही. शर्यतीचे घोडे बाळगणारे पैसेवाले लोकसुद्धा पावसाळ्यात महालक्ष्मीला हट्ट धरून बसत नाहीत, रेसचा हंगाम तेव्हा पुण्याला असतो. चांदणी माथेरानहून आमच्याकडे यायची, तसंच म्हणा.

"म्हणजे तबेलाच," तो म्हणाला.

"मी असं कुठे म्हटलं?" मी म्हणालो. "आमचापण तबेलाच होता."

त्याला राग आला असावा. पण दोन दिवसांनी त्यानेच गाडी काढली आणि मला नेऱ्याच्या बाजूला घेऊन गेला. तबेला चांगला होता. सात घोडे, मोकळं कुंपण, खाली कोरडी माती. मालक बोलका, चहा मागवला, रिंगण दाखवलं, खोगिरं दाखवली. रात्री कोण असतं विचारलं तर म्हणाला, नेपाळी पोरगा आहे, इथेच झोपतो. पोरगा तिथेच पाण्याच्या बादल्या भरत होता. त्याला मी विचारलं, घोडा आजारी पडला हे रात्री कसं कळतं? तो म्हणाला, आवाज बदलतो, पायाचा.

पुतण्या रिंगणाजवळ पैशांचं बोलत होता, तेव्हा मी मागे गवताच्या गोदामात गेलो. वरच्या गठ्ठ्यांकडे बघितलंच नाही. भिंतीकडेला गुडघ्यावर बसलो, सगळ्यात खालच्या गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर गवत बाहेर काढून नाकाशी धरलं. मालक दारात येऊन उभा राहिला होता. "काय शोधताय, काका?" म्हणाला.

गवत कोरडं होतं.