पाम जुमेरा
दुबईच्या किनाऱ्यालगत पर्शियन आखातात भर घालून उभारलेले, खजुराच्या झाडाच्या आकाराचे कृत्रिम बेट. काम २००१ मध्ये सुरू झाले. विकासक नखील ही कंपनी. वाळवंटातली वाळू भरावासाठी फार बारीक, म्हणून समुद्रतळाची वाळू उपसून ड्रेजरमधून फवारली आणि कंपनाने घट्ट बसवली. लाटा अडवणारा सुमारे ११ किमी. लांबीचा चंद्रकोरी बांध आधी सलग होता; आतले पाणी साचून राहू नये म्हणून त्याला दोन ठिकाणी फटी ठेवाव्या लागल्या. झावळ्यांवरच्या बंगल्यांना स्वतःचा किनारा मिळाला, सार्वजनिक किनारा मात्र आक्रसला. पाण्यापलीकडच्या झावळीवरचे घर समोर दिसते, पण तिथे जायचे तर बुंध्यापर्यंत वळसा घालावा लागतो. नगररचनेच्या दृष्टीने हा गंभीर दोष आहे. २००९ मध्ये सुरू झालेली मोनोरेलही बुंध्यावरून धावते, झावळ्यांत शिरत नाही.