अर्धांगवायूनंतर अंगाची आग का होते?

‘अंगावरून वारं गेलं’ की घरच्यांचं लक्ष हातापायाच्या ताकदीकडे असतं. रुग्ण चालू लागला की संकट टळलं असं वाटतं. पण काहींना पुढच्या काही महिन्यांत त्याच बाजूला आग, ठणका, मुंग्या किंवा विजेचा झटका बसल्यासारख्या कळा सुरू होतात. चादर नुसती घासली तरी सहन होत नाही. परभणी, जिंतूर, सेलू भागातल्या थंडीत गार पाणी अंगावर घेतलं तरी दुखणं भडकू शकतं. वरून काहीच दिसत नसल्याने ‘नाटक करतो’ असा शिक्का बसतो.

कारण काय?

इजा हातापायात नसते, मेंदूत असते. स्पर्श, तापमान आणि वेदना यांचे संदेश मेंदूतल्या ‘थॅलॅमस’ या केंद्रातून पुढे जातात. स्ट्रोकमुळे हा मार्ग बिघडला की साध्या स्पर्शाचाही मेंदू वेदना म्हणून अर्थ लावतो. देजरीन आणि रूसी या फ्रेंच डॉक्टरांनी १९०६ मध्ये याचं वर्णन केलं. वेगवेगळ्या अभ्यासांत स्ट्रोकच्या १०० पैकी साधारण १ ते १२ रुग्णांमध्ये हा त्रास आढळतो.

प्रत्येक दुखणं हेच नसतं

लुळा हात ओढला गेल्याने खांदा दुखतो, स्नायू आखडतात, मधुमेहानेही पायांची आग होते. त्यांचे उपचार वेगळे असल्याने आधी तपासणी हवी.

उपचार

पॅरासिटामॉल किंवा नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा यावर फारसा उपयोग होत नाही. उलट मेडिकलमधून रोज आणून घेतलेल्या काही गोळ्या पोट आणि किडनीला त्रास देतात. डॉक्टर अ‍ॅमिट्रिप्टिलिन, लॅमोट्रिजिन, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा ड्युलोक्सेटिन यांपैकी औषध निवडतात. १९८९ च्या एका स्वीडिश चाचणीत अ‍ॅमिट्रिप्टिलिनने १५ पैकी १० जणांना आराम पडला होता. डोस हळूहळू वाढवतात आणि फरक कळायला काही आठवडे लागतात. वेदना पूर्ण थांबेलच असं नाही. ती कमी होऊन झोप लागणं हेही यश आहे. गुंगी येऊन तोल जाऊ शकतो. हृदयविकार, काचबिंदू किंवा लघवी अडकण्याचा त्रास असेल तर अ‍ॅमिट्रिप्टिलिनपूर्वी डॉक्टरांना सांगावं. औषधांनी भागलं नाही तर मोठ्या रुग्णालयांत मेंदूला चुंबकीय उत्तेजना देण्यासारखे पर्याय पाहिले जातात.

घरी काय सांभाळावं?

- बधिर बाजूला गरम विटेचा किंवा पिशवीचा शेक देऊ नये. चटका बसलेला कळत नाही.
- बीपी, साखर आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.
- हलका व्यायाम सुरू ठेवावा. उदासी, झोप न लागणं हेही डॉक्टरांना सांगावं.

कुठे जावं?

परभणीत जिल्हा रुग्णालय आहे आणि २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. गंगाखेड किंवा पालमहून वारंवार येणं जमत नसेल तर पुढच्या सल्ल्यासाठी ‘ई-संजीवनी’ ही सरकारी ऑनलाइन सेवा वापरता येते. जाताना स्ट्रोकच्या वेळचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय आणि चालू गोळ्या सोबत न्याव्यात. मात्र अचानक तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा हात गळाला, तर तो नवा झटका असू शकतो. तेव्हा लगेच १०८ ला फोन करावा.