सर्कशीतले पाऊल

ड्रेसाजची ग्राँ प्री चाचणी पाहताना एक क्षण असा येतो, की घोडा मैदानाच्या कर्णरेषेवर दर ढांगेला पाय बदलत, जणू तालावर बागडत जाताना दिसतो. असे सलग 15 वेळा. परीक्षक त्याचे काटेकोर गुण देतात. हीच हालचाल एकोणिसाव्या शतकात युरोपातील प्रतिष्ठित अश्वविद्येच्या पंक्तीला बसायला लायक मानली जात नव्हती. कारण ती सर्कशीतून आली होती.

आधी ही हालचाल म्हणजे काय ते पाहू. दुडकी आणि चौखूर धाव यांच्या मधली तीन ठोक्यांची जी चाल, तिला येथे कँटर म्हणू. तीत डावा किंवा उजवा पुढचा पाय आघाडी घेतो. तीन ठोके झाले, की निमिषभर चारही पाय अधांतरी असतात आणि त्या निमिषातच आघाडी बदलायची असते. स्वाराने इशारा द्यायचा तो त्याच्या किंचित आधी. उशीर झाला तर पुढचे पाय बदलतात, मागचे रेंगाळतात आणि सारा डौल मोडतो. म्हणून शिकवण धीराची असते. प्रथम मध्ये काही पावले चालवून बदल, मग वळणावर मुद्दाम उलट्या आघाडीने कँटर, मग एखादा सुटा बदल, आणि तो शांतपणे, सरळ रेषेत जमू लागल्यावरच दर चौथ्या, तिसऱ्या, दुसऱ्या ढांगेला. एका ढांगेची पायरी सर्वांत शेवटची.

या शेवटच्या पायरीचे श्रेय फ्रान्स्वा बोशे (1796-1873) याला दिले जाते. पॅरिसमध्ये तो सर्कशीच्या रिंगणात घोडे सादर करी. पार्तिझां हा त्याचा प्रसिद्ध घोडा आधी बेलगाम म्हणूनच ओळखला जात होता. 1842 मध्ये बोशेने आपली पद्धती ग्रंथरूपाने मांडली. तिचा गाभा असा, की घोड्याचा जबडा आणि मान सैल करून त्याचा प्रतिकार आधीच नाहीसा करावा. देलाक्रुआ, यूजेन स्यू अशी कलावंत मंडळी त्याच्या बाजूची. समोर काउंट दोर आणि खानदानी, मैदानी घोडेस्वारी. फ्रेंच घोडदळाने बोशेची पद्धती पारखून पाहिली आणि अखेर नाकारली. जर्मनीत लुई सेगर याने 1852 मध्ये त्याच्याविरुद्ध स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली.

विरोधकांचे सारेच चूक होते असे मला वाटत नाही. जागच्या जागी मान वाकवण्याच्या अतिरेकाने घोड्याची पुढे झेपावण्याची ऊर्मी मरते, हा आक्षेप खरा होता. बोशेनेही पुढे आपली पद्धती बदललीच. पण दर ढांगेचा बदल निसर्गाविरुद्ध आहे, हा दुसरा आक्षेप तपासून घ्यावा लागतो. मोकळे शिंगरू कुरणात वळताना आपोआप आघाडी बदलते. बोशेने बदल निर्माण केला नाही, त्याला आवर्तन दिले. आपल्या बोलण्यात लघु-गुरू असतातच. ते ठरल्या जागी येऊ लागले की वृत्त होते. वृत्तबद्ध बोलणे कोणी निसर्गाविरुद्ध म्हणत नाही, फार तर कृत्रिम म्हणतो. शाहीमंडपात जन्मली असती तर हीच हालचाल 'अभिजात' ठरली असती, अशी शंका येते. रिंगणातल्या भुशाचा वास तिला नडला.

या भांडणाची खरी गोष्ट मात्र अलेक्सी लोत याच्यात दिसते. हा घोडदळाचा अधिकारी बोशे आणि दोर या दोघांचाही शिष्य. पुढे सोम्यूर येथील घोडदळाच्या विद्यालयात मुख्य अश्वशिक्षक झाल्यावर त्याने सैनिकांना दोरची सरळ, मैदानी स्वारी शिकवली. बोशेची विद्या त्याने स्वतःपुरती, आपल्या खाजगी घोड्यांसाठी राखून ठेवली. एकाच माणसात दोन गुरू नांदत होते, पण एकाला दिवाणखान्यात आणि दुसऱ्याला माजघरात जागा होती. हे दांभिकपण म्हणावे की व्यवहार? सैन्याला हजारो सामान्य स्वार घडवायचे होते, हेही विसरता येत नाही.

1855 मध्ये सर्कशीतले झुंबर कोसळून बोशे जबर जखमी झाला आणि त्याचे जाहीर प्रयोग संपले. त्यानंतरची त्याची शिकवण अधिक मऊ झाली: हात काम करत असताना पाय स्वस्थ, पाय काम करत असताना हात स्वस्थ. 1873 मध्ये तो मृत्युशय्येवर असताना लोत भेटायला गेला होता. लोतच्या आठवणींनुसार, गुरूने त्याचा हात आपल्या हातात घेतला, लगाम धरताना असावा तशा स्थितीत तो ठेवला, आणि तो हात तसाच राहू द्यायला सांगितले.