पगाराच्या रात्री बंदूक घरी : काली शहराची कहाणी

१/ १९८३ साली कोलंबियातील काली शहरात दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला २३ खून होत असत. १९९१ पर्यंत हा आकडा ८५ वर पोहोचला. पुढच्याच वर्षी सुमारे वीस लाख वस्तीच्या या शहराने एका डॉक्टरला महापौरपदी निवडले. एका महापालिकेने बंदुकीशी दिलेल्या झुंजीचा हा इतिहास. #थ्रेड #इतिहास

२/ त्यांचे नाव रोद्रिगो गेरेरो. हार्वर्डमध्ये त्यांनी साथरोगशास्त्राचे शिक्षण घेतले होते. साथीचा अभ्यासक रुग्णाला दोष देत बसत नाही. कोण, कुठे आणि केव्हा आजारी पडतो, हे तो आधी नोंदवतो. गेरेरो यांनी खुनाकडेही याच दृष्टीने पाहिले.

३/ त्या काळी उत्तर सर्वांना ठाऊक असल्यासारखेच होते : अमली पदार्थ. काली हे कोलंबियातील एका बलाढ्य तस्करी टोळीचे माहेरघर. खून म्हणजे टोळ्यांचा हिशेब, आणि त्यापुढे महापालिका हतबल, असा समज रूढ होता.

४/ पहिली अडचण मोजणीची निघाली. पोलीस, न्याययंत्रणा आणि शवचिकित्सा विभाग यांच्या नोंदी वेगवेगळ्या होत्या व त्यांचा मेळ बसत नसे. महापौरांनी सर्वांना नियमित बैठकीत एकत्र बसवले. प्रत्येक मृत्यूची जागा, वेळ आणि हत्यार यांची एकच नोंद तयार होऊ लागली.

५/ त्या नोंदींतून वेगळेच चित्र पुढे आले. बहुसंख्य बळी बंदुकीचे होते. खून आठवड्याच्या अखेरीस, सुट्टीच्या दिवशी आणि पगार झाल्यानंतरच्या रात्री वाढत. अनेक मृतांच्या रक्तात मद्य आढळे. टोळ्यांचे वैर खोटे नव्हते. पण हाती पैसा, पोटात दारू आणि कमरेला पिस्तूल असताना पेटलेले साधे भांडणही जीव घेत होते.

६/ पण महापौरांच्या हाती होते काय? कोलंबियात शस्त्रविक्री ही सरकारची मक्तेदारी, आणि शस्त्र बाळगण्याचे परवाने लष्कराच्या अखत्यारीत. महापालिका कायदा बदलू शकत नव्हती. लष्करी अधिकाऱ्यांची संमती मिळवणे, एवढाच मार्ग उरला होता.

७/ त्यातून १९९३-९४ मध्ये मर्यादित बंदी आली. पगारानंतरचे शनिवार-रविवार, सुट्ट्या आणि निवडणुकीचे दिवस या काळात परवानाधारकालाही सार्वजनिक जागी शस्त्र नेण्यास मनाई झाली. पोलीस नाक्यांवर झडती घेत. परवाना असल्यास दंड आणि तात्पुरती जप्ती; नसल्यास अटक, व शस्त्र कायमचे जमा.

८/ ही बंदी ‘देसेपास’ या व्यापक कार्यक्रमाचा एक भाग होती. विकास, सुरक्षा आणि शांतता या तीन स्पॅनिश शब्दांतून हे नाव घडले. रात्री उशिराच्या मद्यविक्रीवर निर्बंध, पोलिसांचे प्रशिक्षण, गरीब वस्त्यांतील तरुणांसाठी शिक्षण व रोजगार, हे सारे त्यात होते.

९/ आता इतिहासातील खरा पेच. १९९४ साली कालीतील खुनांचे प्रमाण घटले नाही. ते लाखामागे १२४ या उच्चांकावर गेले. त्याच वर्षी गेरेरो यांची मुदत संपली. केवळ वार्षिक आकडा पाहणारा निकाल देईल : प्रयोग फसला.

१०/ २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासाने प्रश्न निराळ्या रीतीने मांडला. बंदीचे दिवस आणि बंदी नसलेले तशाच प्रकारचे दिवस, अशी तुलना केली. बंदीच्या दिवसांत कालीतील खुनांचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी कमी आढळले. शहर जळत होते हे खरे. पण त्या रात्री आग थोडी मंदावत होती.

११/ राजधानी बोगोताने हा धडा उचलला. गणितज्ञ व तत्त्वज्ञ असलेले महापौर अंतानास मोकुस यांच्या काळात, १९९५ ते १९९७ दरम्यान, तेथेही अशीच बंदी आली. घट सुमारे १३ टक्के. मद्यालये रात्री एकला बंद होऊ लागली. नागरिकांनी स्वेच्छेने दिलेली शस्त्रे वितळवून चमचे घडवले गेले. त्यांवर कोरले होते : ‘मी शस्त्र होतो’.

१२/ तरीही श्रेय जपून वाटावे लागते. कालीतील प्रमाण १९९७ पर्यंत ८६ वर आले. पण १९९५ मध्ये तेथील टोळीचे म्होरकेही पकडले गेले होते. बोगोतात १९९३ मधील ८० वरून २००३ मध्ये सुमारे २३ पर्यंत घसरण झाली. त्यामागे पोलीस सुधारणा, नागरी शिस्त आणि सलग काही महापौरांचे सातत्य होते. एकट्या बंदीने हे घडले असे म्हणता येत नाही.

१३/ कल्पना मात्र टिकली. २०१२ साली बोगोताचे महापौर गुस्ताव्हो पेत्रो यांनी शस्त्र बाळगण्यावर बंदी आणवली. हेच पेत्रो २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. २०१२ मध्येच गेरेरो पुन्हा कालीचे महापौर झाले. २०१५ च्या अखेरीस राष्ट्रीय सरकारने देशभरातील परवाने स्थगित केले. दोन शहरांच्या काही रात्रींचा नियम संपूर्ण देशाचा झाला.

१४/ १८५४ मध्ये लंडनच्या जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर मांडले आणि बोट एका पाण्याच्या पंपाकडे गेले. कालीच्या नोंदींनी तसेच बोट पगाराच्या रात्रीकडे दाखवले. कायदा करण्याचा अधिकार नसलेल्या महापालिकेजवळही एक साधन होते : आपल्या मृतांची नीट मोजदाद. पुढची प्रत्येक पायरी त्या मोजणीवर उभी राहिली.