गांजाच्या फुलोऱ्यातील अपसामान्य वाढ

भांगेच्या (कॅनाबिस सॅटिव्हा, कुल-कॅनाबिनेसी) स्त्री-झाडाच्या राळयुक्त फुलोऱ्यास गांजा म्हणतात. या फुलोऱ्यात कधीकधी नेहमीपेक्षा निराळी वाढ आढळते. स्त्री-पुष्पांच्या दाट झुपक्यातून पिवळसर, लांबट परागकोश डोकावतात. क्वचित शेंडा चपटा होऊन फितीसारखा वाढतो. तर कधी पक्व फुलोऱ्यातून पुन्हा पालवी फुटते. यांपैकी पहिला प्रकार शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत घातक व शास्त्राच्या दृष्टीने सर्वांत फलदायी ठरला. तो रोग नव्हे, हे निश्चित होण्यास मात्र दीर्घ काळ लागला.

भांगेची झाडे बहुधा विभक्तलिंगी असतात, म्हणजे पुं-पुष्पे व स्त्री-पुष्पे वेगवेगळ्या झाडांवर येतात. परागण वाऱ्याने होते. परागण झाले की बी धरते आणि गांजाची प्रत उतरते. त्यामुळे परागकोश उमलण्यापूर्वी पुं-झाडे ओळखून काढून टाकणे हे या पिकातील सर्वांत नाजूक काम होते. बंगालमधील नौगाव भागात (सध्या बांगला देशात) ते करणाऱ्या अनुभवी परीक्षकास ‘पोद्दार’ म्हणत. इंग्रज अधिकारी त्याचा उल्लेख ‘गांजा डॉक्टर’ असाही करीत. हेमचंद्र केर यांच्या १८७७ मधील अहवालात या लागवडीचे तपशीलवार वर्णन आहे. मुंबई इलाख्यातील अहमदनगर (विद्यमान अहिल्यानगर) जिल्हा गांजाच्या लागवडीबद्दल प्रसिद्ध होता. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली १८९३ मध्ये नेमलेल्या भारतीय भांग आयोगाने या प्रदेशांची पाहणी केली व १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदविले. आयोगाचा १८९४ चा अहवाल मुख्यतः व्यसनाच्या परिणामांविषयी असला, तरी शेतीच्या इतिहासाचे साधन म्हणूनही तो मोलाचा आहे.

यूरोपातील विद्वानांची याच प्रश्नावर बराच काळ फसगत झाली. तेथील शेतकरी तर बी धरणाऱ्या दणकट झाडालाच नर व किरकोळ बांध्याच्या पुं-झाडाला मादी समजत. वनस्पतींमध्ये लिंगभेद असतो, हे प्रयोगाने दाखविणारे जर्मन शास्त्रज्ञ रूडोल्फ याकोप कामेरारिउस यांनी १६९४ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. परंतु एकट्या ठेवलेल्या भांगेच्या स्त्री-झाडालाही बी धरल्याने ते बुचकळ्यात पडले. पुढे अठराव्या शतकात इटालियन शास्त्रज्ञ लाद्झारो स्पाल्लान्त्सानी यांनाही तोच अनुभव आला, व बीजधारणेस परागाची आवश्यकता नसावी असे त्यांचे मत झाले. स्त्री-फुलोऱ्यात दडलेली मोजकी पुं-पुष्पे हे या कोड्याचे सर्वांत संभाव्य उत्तर होय. एखाददुसऱ्या परागकोशाने एवढा मोठा सिद्धांत डळमळीत करावा, हे लक्षणीय आहे. पोद्दाराला सिद्धांत ठाऊक नव्हता. पण एका फेरीत काम संपत नाही, निसटलेली झाडे नंतरही शोधावी लागतात, हे गांजा पिकविणाऱ्यांना ठाऊक होते.

अशा विरूपतांचा शास्त्रशुद्ध अभ्यास भारतात डेव्हिड प्रेन यांनी केला. गांजाच्या लागवडीवरील त्यांचा अहवाल १८९३ मध्ये, तर भांगेच्या फुलांची संरचना, विरूपता व एकलिंगता यांवरील प्रबंध १९०४ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. ते पुढे क्यू येथील वनस्पतिउद्यानाचे संचालक झाले.

यानंतरचा टप्पा पॅरिसमधील झ्यूल्यँ तूर्न्वा यांचा. हंगामापूर्वी पेरलेल्या भांगेची झाडे लहान असतानाच फुलतात व त्यांची फुले विरूप असतात, असे त्यांना आढळले. उष्णतामान, आर्द्रता इ. कारणे तपासल्यावर दिवसाची लांबी (अधिक नेमके म्हणजे रात्रीची लांबी) हेच कारण असल्याचे त्यांनी १९१२–१४ च्या सुमारास सुचविले. पहिल्या महायुद्धात त्यांचा मृत्यू झाला आणि दीप्तिकालितेच्या (प्रकाश व अंधार यांच्या कालावधींस वनस्पतींनी दिलेल्या प्रतिसादाच्या) शोधाचे श्रेय १९२० मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. गार्नर व एच. ए. ॲलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांकडे गेले. पॅरिसला उन्हाळ्यातील दिवस सोळा तासांचा, तर हिवाळ्यातील जेमतेम सव्वाआठ तासांचा असतो. याउलट ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात, सु. साडेएकोणीस उत्तर अक्षांशावरील खर्डी येथे, वर्षातील सर्वांत मोठा दिवस तेरा तासांहून थोडाच अधिक व सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा असतो. उत्तरेकडील थंड प्रदेशातील वाण अशा अक्षांशावर वाढल्यास ते बुटके असतानाच फुलोऱ्यावर येते. अशी अकाली फुललेली झाडे रोगट समजली जाण्याचा संभव असतो.

अमेरिकेतील ओहायओ येथे जे. एच. शॅफ्नर यांनी १९२० नंतरच्या दशकात परिस्थितीनुसार झाडाचे लिंग पालटू शकते हे दाखविले. दिल्ली विद्यापीठातील एच. वाय. मोहन राम व त्यांचे सहकारी यांनी १९७० पासून या संशोधनाला रासायनिक आधार दिला : एथिलीन मुक्त करणाऱ्या द्रव्याने पुं-झाडावर स्त्री-पुष्पे, तर एथिलिनाच्या कार्यास अडथळा करणाऱ्या रौप्य संयुगांनी स्त्री-झाडावर जननक्षम पुं-पुष्पे येतात (१९८२). अनियमित प्रकाश, इजा, अतिउष्णता यांमुळेही पुं-पुष्पे येऊ शकतात. काही वाणांत ही प्रवृत्ती आनुवंशिक असते.

इतर अपसामान्य वाढींची कारणे निराळी आहेत. खोड चपटे होणे हे वर्धनबिंदूची इजा, आनुवंशिक दोष किंवा सूक्ष्मजंतूंचा संसर्ग यांमुळे घडते. बारीक पानांचे केरसुणीसारखे झुबके दिसल्यास फायटोप्लाझ्माचा संशय घ्यावा लागतो. फुलोऱ्यातून पुन्हा पालवी फुटणे हा बहुधा दिवस पुन्हा मोठे झाल्याचा परिणाम असतो.

गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ नुसार भांगेचे झाड विनापरवाना लावणे हा गुन्हा असून त्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. घराच्या परसातील झाडही त्यास अपवाद नाही. या अधिनियमात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्यावर किंवा फळावर आलेले शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पाने व बिया त्यातून वगळलेल्या आहेत. त्यामुळे जप्त मालात फुलोरा कोणता व पाला कोणता, हा प्रश्न न्यायालयांपुढे वारंवार येतो.