विकास अर्ज आणि न्यायाधिकरण (व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलिया)

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात बांधकामाला वा जमिनीच्या वापरबदलाला नियोजन परवाना द्यायचा की नाही, हे १९८७ च्या नियोजन व पर्यावरण अधिनियमानुसार बहुधा स्थानिक नगरपरिषद ठरवते. तिचा निर्णय मान्य नसेल किंवा विहित ६० दिवसांत तो झालाच नसेल, तर १ जुलै १९९८ रोजी सुरू झालेल्या आणि ‘व्हीकॅट’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या दिवाणी व प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातही ६० दिवसांचीच मुदत आहे, मात्र ती उलटल्यावर नियमांत बसणाऱ्या बांधकामाला ‘मानीव परवानगी’, म्हणजे न देताही दिली असे धरलेली परवानगी, मिळते आणि नकाराविरुद्धचे अपील न्यायाधिकरणाकडे न जाता राज्य शासनाकडे जाते. शिवाय ते अपील अर्जदारापुरतेच आहे. व्हिक्टोरियात हरकत घेणारा शेजारीही, काही प्रकारचे अर्ज वगळता, परवाना देण्याच्या निर्णयाला आव्हान देऊ शकतो, आणि या व्यवस्थेचे खरे वेगळेपण तेच म्हणावे लागेल.

न्यायाधिकरण नगरपरिषदेच्या चुका काढत बसत नाही, तर तिच्या जागी बसून अर्जाचा नव्याने विचार करते. सुनावणीत वाद पुष्कळदा अगदी बारीक मुद्द्यांवर चालतो: २२ सप्टेंबरला, म्हणजे दिवसरात्र जवळपास समान असताना, सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळात शेजारच्या परसातील ठरावीक भागावर किमान ५ तास ऊन पडते का, हे सावल्यांचे नकाशे मांडून दाखवावे लागते.

निव्वळ कायद्याचा प्रश्न असेल तर मार्ग निराळा असतो. प्रस्तावित वापराला मुळात परवाना लागतो का, किंवा १५ वर्षे अखंड चालू असल्याचे दाखवल्याने जुन्या वापराला संरक्षण मिळते का, अशा प्रश्नांवर न्यायाधिकरणाकडून घोषणा, म्हणजे पक्षांची कायदेशीर स्थिती स्पष्ट करणारा निर्णय, मागता येते. इमारत शोभते की नाही, हा विचार तेथे गैरलागू ठरतो. खर्च सामान्यतः ज्याचा त्याने सोसायचा असतो. न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात अनुमतीने अपील करता येते, तेही केवळ कायद्याच्या मुद्द्यावर.