योसेफाच्या गोष्टीतला दुष्काळ

सेलूतल्या आठ-दहा वर्षांच्या पोरांसाठी बायबलमधल्या गोष्टींचं सोपं पुस्तक निवडायचं असेल, तर मी आधी योसेफाची गोष्ट उघडून बघतो. पायघोळ झगा, जळके भाऊ, स्वप्नं आणि शेवटी गळाभेट एवढंच असेल तर पुस्तक जागेवर ठेवतो. कारण या गोष्टीचा कणा दुष्काळ आहे. सात वर्षं पिकली, सात वर्षं करपली. भाऊ मिसर देशात आले ते धान्यासाठी. परभणी जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी १९७२ पाहिलंय, दुष्काळी कामांवरची सुकडी खाल्लीय. सोपं करताना नेमकं हेच गाळलं जातं.

या गोष्टी मराठीत सोप्या करण्याची खटपट जुनी आहे. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, त्याही रोमन लिपीत. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं सुटली होती, म्हणून त्यांना ओळखीच्या चालीतलं पुराण दिलं. १८७३ मध्ये अमेरिकन मिशनने मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ मासिक सुरू केलं.

पण मला थांबावंसं वाटतं ते पंडिता रमाबाईंपाशी. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा केडगावला आणल्या. कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली ही बाई. संस्कृतचा ओघ तिच्या जिभेवर होता. तरी अशा बायकांना कळेल असं बायबल हवं म्हणून ती हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि साध्या मराठीत भाषांतर करत राहिली. १९२२ मध्ये त्या वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये निघालं, मुक्ती मिशनच्या छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून. सोपं म्हणजे शब्द सोपे. आशय कापलेला नव्हे.

योसेफाच्या गोष्टीचं पुढचं पान तर लहान मुलांच्या पुस्तकांत जवळजवळ नसतंच. धान्य घेता घेता लोकांचे पैसे संपले, मग जनावरं गेली, मग जमिनी. पुजाऱ्यांच्या तेवढ्या सोडून सगळी शेतं फारोची झाली. बी मिळालं, पण पिकाचा पाचवा हिस्सा कायमचा द्यायचा. हे करणारा योसेफच, गोष्टीचा नायक! कर्जाचं बोलणं घरात ऐकणारं पोर यावर प्रश्न विचारणारच. विचारू दे.

एक बारीकसं निरीक्षणही सांगतो. पेरणाऱ्याच्या दृष्टांतात काही बी वाटेवर पडतं, काही खडकावर, काही काट्यांत. आमच्याकडे तिफण चालते, बी सरळ तासात जातं. मग हा शेतकरी इतका वेंधळा कसा? गोष्टीतला शब्द एकही अवघड नाही, तरी गोष्ट अडते. तिथे एक ओळ पुरते: त्या देशात बी मुठीने फेकून पेरत. ही ओळ असलेलं पुस्तक मी आनंदाने घेतो, चित्रं फिकी असली तरी.